मांडणीवरची रोपे

मंडळी, आज आपण रोपांविषयी बोलू. कांजूरमार्गात शेती कुठली, असे कोणी म्हणेल. पण पूर्वी लोकलच्या खिडकीतून पाहिले असेल. रुळांच्या कडेला पालक आणि लाल माठ दिसायचा. चाळीच्या गॅलरीत डब्यात मिरची असते. शिवाय पुष्कळांचे गावी वावर आहेच.

आपल्याकडे भाताचे रोप राबात करतात. वांगी, मिरची, टोमॅटो यांचेही आधी रोप करावे लागते. अडचण आहे ती पावसाची. सप्टेंबरात पाऊस चालूच असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो सहसा हटतो. तेव्हा बी पेराल तर लावणीला नोव्हेंबर उजाडेल. सप्टेंबरात उघड्या वाफ्यात पेराल तर एका सरीत बी वाहून जाईल. संकरित बियाण्याच्या लहानशा पुडीला शेकडो रुपये पडतात. ते गेले की हंगामही गेला आणि उधारी मात्र राहिली!

म्हणून रोप घरात करावे. जुनी भांड्यांची मांडणी घ्या. नसेल तर आंब्याची खोकी एकावर एक रचा. दोन फळ्यांत दीड फूट जागा ठेवा. मांडणी पूर्वेच्या खिडकीशी किंवा गॅलरीत मांडा. वरून पारदर्शक प्लास्टिक सोडा. शेतात आपण इरले घेतो ना, तसे हे मांडणीचे इरले. मुंग्या बी पळवतात. त्यासाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. पण ते पाणी दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतात.

भांडी विकत कशाला? करवंटीचा डोळा फोडला की कुंडी झाली. दुधाच्या पिशव्याही चालतात, फक्त तळाला भोके हवीत. माती, कुजलेले शेणखत व वाळू सारखी मिसळा. स्टेशनाच्या पूर्वेला मिठागरांच्या जमिनी आहेत, पुढे ठाण्याची खाडी. तिकडची खारवट माती घेऊ नका. बी नीट उगवत नाही.

बी खोल पुरू नये. त्याच्या जाडीच्या दुप्पट माती वर पुरे. उगवेपर्यंत ऊब आणि ओल हवी, म्हणून प्लास्टिक बंद ठेवावे. टोमॅटो आठवड्याभरात वर येतो. मिरची रेंगाळते, दहा-बारा दिवस घेते. तिला उकरून बघू नका.

कोंब दिसला की मात्र लगेच प्लास्टिक वर करायचे. इथेच पुष्कळांचे रोप जाते. आत कोंदट राहिले, पाणी जास्त झाले, की बुरशी येते. रोप बुंध्याशी काळे पडून आडवे होते. त्याला रोप कोलमडणे म्हणतात. कोलमडलेले रोप परत उभे राहत नाही. म्हणून पाणी सकाळी, बेताने, हाताने शिंपडावे. माती बोटाला ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी नको. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा चोळावा, किलोला पाच ग्रॅम. कृषी सेवा केंद्रात तो मिळतो.

रोप उजेडाकडे झुकते. भांडी रोज फिरवा. उजेड कमी पडला तर रोप किडकिडीत होते. असे लांबडे रोप पाहून लोक खूश होतात, पण ते कामाचे नसते. आखूड आणि जाड बुंध्याचे रोप बरे.

भेंडी, गवार, मेथी, मुळा यांना हा खटाटोप नको. ती सरळ जागेवर पेरावीत.

चार-पाच आठवड्यांत रोप वीतभर होईल. लावणीआधी पाच दिवस पाणी कमी करा आणि रोज थोडे जास्त ऊन दाखवा. मग पाऊस उघडला की संध्याकाळी लावा आणि लगेच पाणी द्या.