इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी : निवड आणि जबाबदारी



प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरात करारनाम्यांची एक फाईल असते. शाळेची कुंपणभिंत, नळपाणी योजनेची दुरुस्ती, अंतर्गत रस्त्याचे खडीकरण अशा कामांसाठी ठेकेदाराशी करार होतो. त्यास मुद्रांक लागतो, सह्या होतात, शिक्का उमटतो. पुढे काम निकृष्ट निघाले किंवा देयकाचा वाद उपस्थित झाला म्हणजे ही फाईल बाहेर काढली जाते, आणि सर्वांची नजर प्रथम एकाच ठिकाणी जाते. सही कोणाची, आणि ती केव्हाची?

असे करार आता संगणकावर तयार होऊ लागले आहेत. ठरलेल्या नमुन्यात नावे व रकमा भरणे, मसुदा मंजुरीसाठी क्रमाक्रमाने पुढे पाठविणे, दोन्ही पक्षांच्या सह्या घेणे आणि पक्की प्रत संग्रही ठेवणे ही सर्व कामे सॉफ्टवेअर आपोआप करू शकते. वेळ वाचतो, खेपा वाचतात, हे खरे. परंतु सही ही या साखळीतील एकच कडी अशी आहे की, जी आपोआप होता कामा नये. सॉफ्टवेअरची निवड करताना प्रथम ध्यानी घ्यावयाची गोष्ट हीच होय.

कायद्याचा आधार

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 हा 17 ऑक्टोबर 2000 रोजी अमलात आला आणि डिजिटल स्वाक्षरीस हस्तलिखित स्वाक्षरीची मान्यता मिळाली. 2008 च्या सुधारणेने, जी 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली, ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ ही अधिक व्यापक संज्ञा कायद्यात आणली. त्याच सुधारणेतील कलम 10 अ अन्वये, केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणावरून करार अवैध ठरत नाही. काही दस्तऐवज मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. मृत्युपत्र आणि विश्वस्तपत्र यांवर इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी चालत नाही. तसेच करार कागदावर नाही म्हणून मुद्रांक शुल्क चुकत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात ‘दस्तऐवज’ या शब्दात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचाही समावेश केलेला आहे.

सहीचे तीन प्रकार

बाजारात ‘ई-सही’ या एकाच नावाखाली तीन भिन्न गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे पडद्यावर बोटाने काढलेली किंवा कागदावरून उतरवून चिकटविलेली सहीची आकृती. ही अधिनियमाने घालून दिलेल्या पद्धतीची स्वाक्षरी नव्हे. तिच्यामुळे करार रद्द होतोच असे नाही. पण समोरच्या पक्षाने ‘सही माझी नाही’ असे म्हटल्यास ती त्याचीच आहे हे सिद्ध करण्याचा सारा भार दुसऱ्या पक्षावर येतो.

दुसरी म्हणजे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र. कार्यालयांत यास ‘डीएससी’ आणि ते ज्या साधनात असते त्यास ‘डोंगल’ म्हणतात. हे प्रमाणपत्र परवानाधारक प्रमाणन प्राधिकरण देते आणि अशा प्राधिकरणांवर केंद्र शासनाच्या नियंत्रकाची देखरेख असते. डोंगलमध्ये एक गुप्त किल्ली असते. सही करताना करारातील मजकुराचा एक संख्यात्मक ठसा काढला जातो आणि तो या किल्लीने मुद्रित होतो. नंतर कोणी एक आकडा किंवा एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही आणि फेरफार तत्काळ उघडकीस येतो. 2018 पासून महाराष्ट्रात मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच तत्त्वावर उभा आहे.

तिसरा प्रकार आधारवर आधारलेल्या ‘ई-साइन’ सेवेचा. 2015 मध्ये तिचे नियम झाले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘ई-हस्ताक्षर’ सेवा याच प्रकारची आहे. येथे डोंगल लागत नाही. सही करणाऱ्याची ओळख मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने किंवा बोटाच्या ठशाने पटविली जाते, त्या एका सहीपुरती किल्ली निर्माण होते आणि सही होताच नष्ट केली जाते. क्वचित सही करणाऱ्या लहान ठेकेदारास किंवा बचत गटाच्या अध्यक्षेस ही सोय उपयुक्त आहे. रोज अनेक कागदांवर पदाच्या नात्याने सही करणाऱ्या अधिकाऱ्यास डोंगल अधिक सोयीचे पडते. म्हणून निवडीचे सॉफ्टवेअर दोन्ही प्रकार स्वीकारणारे असावे.

किल्ली कोणाच्या हाती?

वित्त आयोगाच्या निधीतील देयके ग्रामपंचायती ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीतून देतात. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकारी व सरपंच अशा दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. एकाने प्रस्ताव मांडावा आणि दुसऱ्याने तो तपासून मान्य करावा, हा त्यामागील हेतू. परंतु दोन्ही डोंगल एकाच खणात पडून असतील आणि दोन्ही पिन संगणक परिचालकाच्या वहीत लिहिलेले असतील, तर दोन सह्या कागदोपत्रीच उरतात. प्रत्यक्षात एकच माणूस मागतो आणि तोच मंजूर करतो. यात परिचालकाच्या सचोटीवर संशय घेण्याचे कारण नाही. सोयीपोटी पडलेली ही सवय त्यालाही उद्या नाहक अडचणीत आणणारी असते.

सही केलेला कोरा धनादेश कोणी दुसऱ्याजवळ ठेवीत नाही. डोंगल व पिन एकत्र देणे हे त्याहून घातक, कारण धनादेशाचे पान एकदाच वापरता येते. कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. अधिनियमाच्या कलम 42 नुसार गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची वाजवी दक्षता प्रमाणपत्रधारकानेच घ्यावयाची आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचे प्रमाणन प्राधिकरणास कळवीपर्यंतची जबाबदारी त्याच्यावरच राहते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा पासवर्ड कपटाने वापरणाऱ्यास कलम 66 क अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या सरपंच भगिनीची सही तिच्या अपरोक्ष दुसराच कोणी करतो, तिच्या हाती अधिकार राहत नाही. उत्तरदायित्व मात्र तिचेच राहते.

निवडीच्या कसोट्या

या दृष्टीने पाहता, विक्रेत्यास पुढील प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

पहिला प्रश्न : सही होण्यापूर्वी संपूर्ण करार सही करणाऱ्यास दिसतो काय, आणि पिन प्रत्येक वेळी मागितला जातो काय? पिन एकदा घेऊन ध्यानात ठेवणारी आणि शंभर करारांवर एका दमात सह्या उमटविणारी सोय आकर्षक वाटली, तरी ती करारांसाठी बंद ठेवता आली पाहिजे.

दुसरा प्रश्न : मसुदा तयार करणारा, तपासणारा आणि सही करणारा यांचे अधिकार वेगळे ठेवता येतात काय? कोणी, कोणत्या वेळी, काय केले याची नोंद आपोआप होते काय, आणि ती नोंद कोणासही पुसता येत नाही ना? बदली किंवा मुदत संपल्यावर त्या व्यक्तीचा अधिकार त्याच दिवशी काढून घेता आला पाहिजे. तिने पूर्वी केलेल्या सह्या अर्थातच वैध राहतात.

तिसरा प्रश्न काळाचा आहे. डोंगलमधील प्रमाणपत्राची मुदत साधारणतः एक ते तीन वर्षे, तर ई-साइनच्या प्रमाणपत्राची अवघी 30 मिनिटे असते. वाद मात्र पाच-सात वर्षांनीही उद्भवतो. त्या वेळी सही मुदतीतच झाली होती हे दाखविण्यासाठी विश्वसनीय वेळेचा शिक्का व पडताळणीची माहिती दस्तऐवजातच साठविली गेली पाहिजे. पुष्कळ स्वस्त सॉफ्टवेअरांत नेमकी हीच उणीव असते.

चौथा प्रश्न : विक्रेत्याने धंदा बंद केला तर करारांचे काय? नेदरलँड्समध्ये 2011 साली डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या यंत्रणेत घुसखोरी होऊन बनावट प्रमाणपत्रे निघाली. तेथील शासनाला त्या संस्थेवरील विश्वास काढून घ्यावा लागला आणि संस्था दिवाळखोरीत गेली. म्हणून सर्व करार सर्वमान्य पीडीएफ स्वरूपात कार्यालयाच्या स्वतःच्या संग्रहात असावेत आणि विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरवाचूनही त्यांची पडताळणी करता यावी. येथे हेही लक्षात ठेवावे की, डिजिटल सहीचा करार छापून फाईलला लावला तर त्या छापील प्रतीवरून सहीची पडताळणी होत नाही. मूळ दस्तऐवज म्हणजे संगणकातील ती फाईलच.

खरेदीपूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. नमुन्याच्या करारावर सही करून ती फाईल दुसऱ्या संगणकावर न्यावी आणि रकमेतील एक आकडा बदलून पाहावा. सही अवैध झाल्याची सूचना स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर बाकीचे गुण ऐकत बसण्याचे कारण नाही.

समारोप

शिक्षकांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. गावात नवे यंत्र आले म्हणजे त्याचा अर्थ समजावून देण्याची अपेक्षा त्यांच्याकडूनच केली जाते. नवनिर्वाचित सदस्यास डोंगल हाती पडतो त्याच दिवशी त्याने स्वतःचा पिन स्वतः बदलावा, करार वाचावा व मगच सही करावी, एवढे शिक्षण त्याला मिळाले तरी पुष्कळ साधेल.

पूर्वी निरक्षर माणूस अंगठा उठविण्याआधी ‘कागदात काय लिहिले आहे ते वाचून दाखवा’ असे म्हणे. त्याला वाचता येत नव्हते, पण अंगठ्याचे मोल ठाऊक होते. ते मोल साक्षर आणि संगणकसज्ज पंचायतीने विसरू नये, एवढीच अपेक्षा.