उजनीचा काठ आणि काठावरची पाखरे
(धरणकाठच्या गावातील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



ऊस आणि हरभरा या दोन पिकांवर माझ्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर माहिती दिलेली आहे. ती मी पुन्हा सांगत नाही. संयोजकांनी मला धरणकाठच्या पाखरांविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा काही मंडळींना नवल वाटले. कृषिविद्या शिकविणाऱ्या माणसाचा पाखरांशी काय संबंध, असे एका आबांनी मघाशी विचारलेही. संबंध आहे, आणि तो आपल्या बांधापासून पाण्यापर्यंतच्या पन्नास-शंभर पावलांत आहे. या पट्ट्याविषयीच मला बोलावयाचे आहे.

उजनीचे धरण 1980 साली पूर्ण झाले. धरणाची भिंत माढा तालुक्यात असली तरी भीमेचे तुंबलेले पाणी इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड असे मागे पसरत गेले आहे. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. म्हणून तर आपल्याकडे "धरण वजा झाले" असे म्हणतात. परक्याला ते गणित कळत नाही, काठावरच्या शाळकरी पोराला मात्र कळते. 2024 च्या उन्हाळ्यात साठा वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता, हे आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. माणसे ते पाहावयास गर्दी करतात. ज्यांची घरे आणि जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या घरातली वडीलधारी माणसे देवळाकडे पाहत नाहीत. ती आपल्या जुन्या विहिरीची आणि बांधाची जागा शोधत असतात.

भीमेचे खोरे येथे सपाट आहे. त्यामुळे पाणी हातभर उतरले तरी काठ दूरवर मागे सरकतो आणि काळा, ओला गाळ उघडा पडतो. आपल्या दृष्टीने ती गाळपेराची जमीन. पाखरांच्या दृष्टीने ते भरलेले ताट. घोटा ते गुडघा एवढ्याच पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, शेवाळ वाढते, किडे, अळ्या, गोगलगायी, झिंगे पोसतात. खोल पाण्यात पाणकावळा बुडी मारील, नदी सुरय वरून झेप घेईल. परंतु बाकीच्या बहुतेक पाखरांना खोल पाण्याचा उपयोग नाही. म्हणून भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला पाखरांची एवढी दाटी होते.

रोहित पक्षी, ज्याला कोणी अग्निपंख तर कोणी सरळ फ्लेमिंगो म्हणतात, तो कधी येणार असे मला दरवर्षी विचारले जाते. त्याचे उत्तर दिनदर्शिकेत नाही, पाणीपातळीत आहे. धरण शंभर टक्के भरून पाणी बराच काळ टिकले तर गाळ उघडा पडावयास उशीर लागतो आणि रोहितही उशिरा दिसतात. पाणी लवकर उतरले तर लवकर येतात. पाऊस लांबला तर जून उजाडला तरी काही थवे हलत नाहीत. त्यांची चरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरावयाची आणि जिभेने पाणी आत-बाहेर करीत बारीक जीव व शेवाळ गाळून घ्यावयाचे. आपल्या ठिबकच्या गाळणीसारखाच प्रकार म्हणा ना. पंखांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिलू जन्मतः राखाडी असते. अंडी घालावयास हे पक्षी कच्छच्या रणात जातात आणि एका हंगामात मादी साधारणतः एकच अंडे घालते. म्हणजे एक पक्षी मेला तर त्याची भरपाई वर्षा-दोन वर्षांत होत नाही, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा पाहुणा पट्टकदंब. डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात येतो. याच्याविषयी आपल्या लोकांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. दिवसा तो पाण्याकाठी विसावतो, अंधार पडला की हरभरा आणि गव्हाची कोवळी पाने खावयास रानात उतरतो. नुकसान होते ते मुख्यतः काठाला लागून असलेल्या वावरांचे आणि पीक कोवळे असतानाचे. या पक्ष्याला चौफेर दिसणारे मोकळे रान लागते. म्हणून काठालगत हरभऱ्याचा मोठा सलग तुकडा ठेवण्यापेक्षा मध्ये ज्वारी किंवा मक्याचे पट्टे टाकावेत. उगवणीनंतरचे पहिले काही आठवडे चमकत्या फिती बांधाव्यात, त्यांची जागा अधूनमधून बदलावी आणि संध्याकाळी एक फेरी मारावी. एवढ्याने नुकसान शून्यावर येईल असे मी म्हणणार नाही, पण सुसह्य होते. विषारी दाणे टाकणे हा मात्र उपाय नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो गुन्हा आहेच. शिवाय ते दाणे पट्टकदंबाआधी तुमचीच कोंबडी वा लांडोर खाईल, आणि पावसाने वाहून गेलेले विष ज्या पाण्यात उतरेल त्याच पाण्यात तुमची मोटर आहे.

वारकरी नावाचा पक्षी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? काळा, पाणकोंबडीएवढा, कपाळावर पांढरा टिळा. थव्याने पाण्यावर तरंगत असतो. आषाढीला याच धरणाचे पाणी भीमेतून पंढरपूरला सोडतात, आणि या पाण्यावर वारकरी नावाचे पाखरू राहते. नाव ठेवणाऱ्याने ते मोठ्या प्रेमाने ठेवले असावे. याशिवाय थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, शेकाट्या, शराटी, टिबुकली, कमळपक्षी. सगळी यादी देत बसत नाही. एक साधी दुर्बीण आणि पक्ष्यांच्या चित्रांचे मराठी पुस्तक गावच्या शाळेत असेल तर मुले महिनाभरात मला शिकवतील.

चित्रबलाकाविषयी मात्र सांगितले पाहिजे. पिवळी लांब चोच, पंखांच्या टोकाशी गुलाबी छटा असलेला हा करकोचा भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातील बाभळींवर घरटी करतो. इंदापूर तहसील कचेरीच्या आवारातील चिंचेच्या झाडांवरही त्याची वसाहत प्रसिद्ध आहे. कामासाठी गेलेला शेतकरी खाली रांगेत उभा आणि वर घरट्यांतून पिलांचा कालवा, असे दृश्य दुसऱ्या कचेरीत क्वचितच दिसेल. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळी त्याला का आवडतात? कारण खाली पाणी असेपर्यंत कुत्री, कोल्ही झाडापाशी येत नाहीत. बाभूळ आपल्या लेखी सरपण, फार तर औताचे लाकूड. चित्रबलाकाच्या लेखी ती बाळंतिणीची खोली आहे. तळ्यातील वा काठावरील जुन्या बाभळी तोडताना एवढा विचार जरूर करावा.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. पाणी जसजसे उतरते तसतसा नांगर खाली उतरतो. कलिंगड, भाजीपाला, चाऱ्याचा मका घेतला जातो. गाळाची जमीन सुपीक, ओल फुकटची, त्यामुळे मोह होतो आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु अगदी पाण्याच्या कडेपर्यंत नांगरले की तीन गोष्टी घडतात. टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, ती नांगराखाली जातात. मोकळी झालेली माती पहिल्या वळवात पुन्हा पाण्यात जाते. आणि पिकाला दिलेले खत व मारलेले औषध यांना पाण्यात शिरावयास आडकाठी राहत नाही. पुणे-पिंपरी चिंचवडकडचे सांडपाणी नद्यांतून उजनीत येते, पाणी हिरवे होते, जलपर्णी माजते, याबद्दल आपण सारे बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण वरून येणारी घाण आपल्या हाती नाही. आपल्या वावरातून उतरणारे नत्र व स्फुरद आपल्या हाती आहे.

तेव्हा माझे सांगणे असे की, गाळपेर करा, पण पाण्यालगतची दहा-बारा पावले रुंदीची पट्टी नांगरू नका. तेथे आपोआप येणारे गवत, लव्हाळा राहू द्या. वरच्या बाजूस, म्हणजे पूर्ण पातळीच्या कडेला आपल्या बांधावर मारवेल किंवा वाळा लावा. मारवेलाचा चारा मिळेल, वाळा माती धरील. युरिया उसाच्या सरीत पाणी वाहत असताना फोकू नये. उसाला नत्र चार हप्त्यांत द्यावयाचे असते: लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40. हे वेळापत्रक पाळले, खत मातीआड केले किंवा ठिबकमधून दिले, तर ते मुळाशी राहते, आणि पैसाही वाचतो. फवारणीचा पंप धरणाच्या पाण्यात धुणारी मंडळी आजही दिसतात. घागरभर पाणी वर आणून वावरातच पंप धुवावयास किती वेळ लागतो?

दाणेदार औषधांचे तर विशेष सांगावयाचे आहे. जमिनीवर पडलेला दाणा पाखरू बी किंवा खडा समजून टिपते. पूर्वी उसात सर्रास वापरले जाणारे फोरेट 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद झाले आहे. कोणाच्या गोठ्यात जुना डबा पडला असेल तर तो कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

पाखरे आपले काय करतात, हेही पाहा. उसातली हुमणी आपणास किती छळते हे मी सांगावयास नको. नांगरट चालू असताना गायबगळे, साळुंक्या, कावळे, कोतवाल मागे मागे येतात आणि उघड्या पडलेल्या अळ्या वेचतात. परंतु अलीकडे ट्रॅक्टरची पाळी रात्री मिळते म्हणून दिवे लावून रात्री नांगरट होते. रात्री गायबगळा झोपलेला असतो! सकाळपर्यंत बऱ्याच अळ्या पुन्हा मातीत शिरतात. शक्य असेल तेथे हुमणीग्रस्त रानाची नांगरट दिवसा करावी. हरभऱ्यात घाटेअळीसाठी हेक्टरी 50 पक्षीथांबे उभे करावेत, किंवा पेरणीवेळी तुरळक ज्वारीचे दाणे टाकावेत म्हणजे कणसाच्या ताटांवर पाखरे बसतात. भोरड्यांचे थवे ज्वारीवर तुटून पडतात हे खरे, पण त्याच भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही फस्त करतात. गोफण ज्वारी दाण्यात भरली की हाती घ्यावी, त्याआधी नको.

एका तरुण बंधूंनी चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, "सर, पाखरे पाहावयास पुण्या-मुंबईची माणसे येतात, पैसा हॉटेलवाल्यांना मिळतो, आम्हाला काय?" प्रश्न रास्त आहे. कुंभारगावकडे मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी होड्यांतून पक्षी दाखविण्याचा व्यवसाय उभा केला आहे. कोणता थवा कोठे बसला आहे हे पुस्तक वाचून येणाऱ्यापेक्षा जाळे टाकणाऱ्याला अधिक कळते, आणि त्या माहितीला आता मोल आले आहे. त्याच्या जोडीला शेतकरी कुटुंबांनी घरगुती जेवण, चिलापी किंवा मरळीचे कालवण, ज्वारीची भाकरी, हुरडा, मुक्कामाची खोली असे सुरू करण्यास पुष्कळ वाव आहे. मात्र फोटोसाठी होडी थव्यात घालून पाखरे उडविण्याचा हट्ट कोणी धरला तर त्याला स्पष्ट नाही म्हणावे. एकदा उडालेला थवा चरावयाचा थांबतो. रोज दहा वेळा उडवले तर तो दुसरे पाणी शोधतो, आणि मग होडीवाल्याकडे दाखवावयास काय उरेल?

होडीबद्दल आणखी एक. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांना जीव गमवावा लागला. काठावरच्या गावांना होडी म्हणजे एसटीसारखी, त्यामुळे भीती मोडलेली असते. जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय कोणासही बसवू नये, घरच्या माणसालाही नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागले की होडी काठाला लावावी.

आपण स्वतः मात्र पाहावयास जात नाही, याचे मला वाईट वाटते. जन्म काठावर गेला आणि रोहित दूरदर्शनवर पाहिला, असे सांगणारे कित्येक भेटतात. दिवाळीनंतर बदके येऊ लागतात. जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. ऊसतोडीची गडबड असते हे मान्य, तरी एक रविवार काढावा. पहाटे सहाला निघावे, ऊन चढण्याआधी काठावर पोहोचावे, भडक कपडे टाळावेत. घरातल्या बायामाणसांना आणि लेकरांना बरोबर घ्यावे, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना. पाण्याखालच्या गावांची नावे त्यांनाच सांगता येतात. येत्या जानेवारीत आमचे विद्यार्थी शिवारफेरीसाठी या बाजूला येणार आहेत. ज्यांच्या वावराला पाण्याची कड लागून आहे आणि वर सांगितलेली पट्टी सोडून पाहण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी मेळावा संपल्यावर नाव आणि गट क्रमांक माझ्याकडे लिहून द्यावा. पट्टी कोठून आखावी हे आम्ही जागेवर येऊन, तुमच्याबरोबर चालून ठरवू.