दुरुस्तीच्या दुकानातलं कामाचं टेबल



तालुक्याच्या गावी जा, नाहीतर एखाद्या मोठ्या खेड्याच्या तिठ्यावर उभे राहा. दुरुस्तीचं एखादं दुकान हटकून दिसेल. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती, पुढे ताडपत्री. आत कुणी पाण्याची मोटार उघडून बसलेला, कुणी फवारणीचा पंप सोडवतो आहे, कुणी सायकलचा आस काढतो आहे. त्या दुकानात पाने असतात, पकडी असतात, हातोड्या असतात. अलीकडे ड्रिल मशीन आणि ग्राइंडरही असतो. बहुतेक ठिकाणी नसतं ते एकच : काम करायला धड टेबल. गोणपाट अंथरायचं, उकिडवं बसायचं आणि मोटार पायाशी घेऊन ठोकायला लागायचं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बसून काम करण्याची रीतच आहे. सोनार बसून काम करतो, टोपल्या विणणारा बसून विणतो. खरं आहे. पण त्यांचं काम हलकं असतं, मांडीवर मावतं आणि पायाच्या अंगठ्यात धरता येतं. पाच अश्वशक्तीचा पंप मांडीवर मावत नाही. तो दोघांनी उचलावा लागतो. तो जमिनीवर उघडला की कारागीर वाकतो, मान खाली जाते आणि स्वतःची सावली नेमकी कामावर पडते. शिवाय जमिनीवरची धूळ बेअरिंगमध्ये जाते. रब्बीचा गहू पाण्याला आलेला असतो, शेतकरी घाईनं पंप घेऊन जातो, आणि वाळूच्या चार कणांनी नवं बेअरिंग कुरकुरायला लागतं. नुकसान शेतकऱ्याचं आणि बदनामी कारागिराची. वर त्याची कंबर पंचेचाळिशीतच जाते, ती वेगळीच.

म्हणून आज मी तुम्हाला टेबलाविषयी सांगणार आहे. बाजारातून आणलेल्या नव्हे, तर जागेच्या, कामाच्या आणि माणसाच्या मापानं जागेवरच बसवलेल्या टेबलाविषयी.

पहिलं माप माणसाचं. सुतार आधी विचारील, 'लांबी किती, रुंदी किती?' तुम्ही आधी उंची ठरवा. सरळ उभे राहा, दंड अंगालगत ठेवा आणि हात कोपरात काटकोनात मुडपा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजून घ्या. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचं ते साधारण १०२ ते १०५ सेंटिमीटर भरतं. फिटर लोकांचा नियम असा, की वाईसचा, म्हणजे काही जण ज्याला शेगडा म्हणतात त्या लोखंडी पकडीचा जबडा कोपराच्या पातळीला यावा. त्याची परीक्षाही सोपी आहे. वाईससमोर उभं राहून कोपर जबड्यावर टेकवा आणि मूठ वळा. मूठ हनुवटीखाली नेमकी टेकली, की उंची बरोबर.

आता हिशेब करा. कोपर १०२ सेंटिमीटरवर आणि वाईस स्वतः १७ सेंटिमीटर उंच, तर टेबल ८५ सेंटिमीटरचं. दुकानात दोघे काम करत असतील, तर उंच माणसाचं माप धरा. ठेंगण्याच्या पायाखाली लाकडी फळी देता येते. उंच माणसाला मात्र वाकण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

हे झालं उभ्यानं करायच्या कामाचं. वायंडिंग, रेडिओ, मोबाइल, मिक्सरचं बटण ही बारीक कामं. त्यांत जोर लागत नाही, नजर लागते. अशा कामासाठी टेबलाचा पृष्ठभाग कोपरापेक्षा पाचदहा सेंटिमीटर वर असावा, म्हणजे मान झुकत नाही आणि हात टेकवता येतो. हे काम स्टुलावर बसून करायचं, तेव्हा कोपराचं मापही बसूनच घ्यायचं. दोन्ही कामं एकाच उंचीवर रेटू नका. जागा दहा फूट बाय बारा फुटांची असली, तरी एका भिंतीला जड कामाचं आणि दुसऱ्या भिंतीला बारीक कामाचं, अशी दोन टेबलं काटकोनात मांडता येतात. मध्ये फिरायला जागा उरते.

रुंदीचा मोह टाळा. खांदा न हलवता आपला हात दोन फुटांच्या आसपास पोचतो. भिंतीलगतचं टेबल त्याहून रुंद केलं, तर मागच्या अर्ध्या भागात फक्त भंगार साठतं. रुंदी ६० सेंटिमीटर पुरे. लांबी सहा फूट मिळाली तर उत्तम.

दुसरं माप जागेचं. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण दुसऱ्याला टोचायला वापरतो. टेबल बसवताना मात्र अंगण खरोखरच वाकडं असतं. जमीन एका बाजूला उतरती असते आणि भिंतीचा कोपरा काटकोनात नसतो. तेव्हा आधी तपासा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९० सेंटिमीटरवर खूण करा आणि दुसरीवर १२० वर. दोन खुणांमधलं अंतर १५० भरलं तर कोपरा काटकोनात आहे. कमी किंवा जास्त भरलं, तर फळीची मागची कड तेवढी तिरपी कापावी लागेल. जमिनीचा उतार पाणसळीनं पाहा आणि प्रत्येक पाय त्याच्या जागेच्या मापानं वेगळा कापा. चारही पाय सारखे कापून मग खाली चिपा सारू नका. ठोकाठोकीत चीप सरकते आणि टेबल डुगडुगतं.

हे डुगडुगणं वाईट. कानस मारताना टेबल हललं, तर तुमचा निम्मा जोर टेबल हलवण्यातच जातो. करवतीचं पातं अडकतं आणि मोडतं. म्हणून टेबल जड हवं. फळ्या दोन इंच जाडीच्या आणि पाय चार इंच चौरस घ्या. गाडीची चाकं ज्या बाभळीची करतात, ती बाभूळ यासाठी फार चांगली, पण पुरती वाळलेली हवी. ओल्या लाकडाच्या फळ्या वर्षभरात आकसतात आणि फटींतून स्क्रू खाली पडू लागतात. पडलेल्या घराच्या जुन्या तुळया मिळाल्या तर सोडू नका. ते लाकूड मुरलेलं असतं. फक्त आत खिळे आणि भुंगा नाही ना, एवढं पाहून घ्या. सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असा बाभळीचा पृष्ठभागच चाळीस किलोच्या पुढे जातो. लाकूड मिळत नसेल, तर पन्नास बाय पन्नास, सहा मिलिमीटर जाडीच्या अँगलचा सांगाडा वेल्डिंग करून घ्या आणि वर फळ्या टाका.

पायांना खाली आडव्या पट्ट्या आणि मागच्या बाजूला तिरपा आधार द्या. खालच्या पट्ट्यांवर फळी टाकून जड सामान ठेवा, म्हणजे टेबल आणखी दबून बसेल. ही फळी जमिनीपासून वीतभर उंच आणि पुढून थोडी आत घ्या. पायाची बोटं आत गेली नाहीत, तर माणूस टेबलापासून लांब उभा राहतो आणि पुन्हा वाकतो. पायांच्या बुडांना डांबर लावून खाली फरशीचा तुकडा ठेवा. कोकणात आणि मावळात ओल, इतरत्र वाळवी, दोन्हींपासून बचाव होतो.

वाईस टेबलाच्या मधोमध बसवू नका. तो पायाच्या बरोबर वर घ्या, म्हणजे हातोडीचा घाव सरळ जमिनीत जातो. त्याचा आतला, न हलणारा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर यावा. तसं झालं तर लांब पाइप उभा धरता येतो. बोल्ट फळीतून आरपार घालून खालून वॉशरसकट आवळा. लाकडी स्क्रूवर भिस्त ठेवू नका.

आता जिवाची गोष्ट. वाईसच्या बाजूला टेबलावर पत्रा मारलात तर चालेल, तेल पुसायला बरा पडतो. पण विजेच्या कामाच्या टेबलावर पत्रा मुळीच नको. तिथे कोरडं लाकूड आणि पायाखाली रबरी चटई हवी. मोटार तपासायचा सिरीज दिव्याचा बोर्ड भिंतीवर पक्का बसवा, लोंबत्या वायरींवर ठेवू नका. मोटारीची तार आणि तिचं अंग यांच्यामध्ये तो दिवा पेटला, तर करंट बॉडीला उतरतो आहे असं समजा. मुख्य स्विच असा ठेवा, की मोटारीवरून हात न नेता तो बंद करता यावा. अर्थिंग चांगलं करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचं गळती-रोधक ब्रेकर बसवा. त्याची किंमत एका मोटारीच्या वायंडिंगहून जास्त नाही, आणि माणसाच्या जिवापुढे तर काहीच नाही. ग्राइंडर या दोन्ही टेबलांवर नको. त्याचा कीस वायंडिंगमध्ये शिरतो. त्याला दाराशी वेगळा खांब द्या आणि चष्मा त्याच खांबाला टांगा.

उजव्या हातानं काम करणाऱ्याला उजेड डावीकडून यावा. खिडकी उत्तरेला असली तर दिवसभर सारखा उजेड मिळतो. टेबलाच्या मागच्या कडेला चार इंचांची उभी पट्टी मारा, म्हणजे नट मागे घरंगळत नाहीत. वर फळीवर हत्यारं टांगा आणि प्रत्येकाच्या भोवती रंगानं त्याची आकृती काढा. संध्याकाळी दुकान बंद करताना कोणती जागा रिकामी आहे ते नजरेला लगेच दिसेल. पाना गिऱ्हाइकाच्या पंपात राहिला असेल, तर तो मोटार सुरू होण्याआधी सापडलेला बरा.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात तुमच्यासाठीही एक धडा आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला उपयोगी पडणारं काम करता करता मुलांनी शिकावं, हे तिथलं सूत्र. तुमच्या शाळेत एक टेबल असंच करून पाहा. मुलांना एकमेकांच्या कोपरांची उंची मोजू द्या, तिची सरासरी काढू द्या. मग विचारा, सरासरी उंचीचं टेबल वर्गात किती जणांना बरोबर बसतं? उत्तर थोडकं येईल, आणि सरासरी म्हणजे काय ते मुलांना पुस्तकाबाहेर कळेल. नव्वद, एकशेवीस, दीडशेचा कोपरा मुलांनी स्वतः तपासला, की पायथागोरसचा सिद्धांत पुन्हा घोकून घ्यावा लागणार नाही.

आणखी एक सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानानं झाली. लोखंडी नांगर आणि पंप पुढे आले. प्रत्येक दुकानाचा कारखाना होईल असं मी म्हणत नाही. पण दुरुस्तीचं काम दुय्यम नाही, आणि ते मातीत बसूनच करायला हवं असंही नाही.

तेव्हा पुढचं हत्यार विकत घेण्याआधी एक टेप घ्या. दुकानात ताठ उभे राहा, हात मुडपा आणि शेजाऱ्याला कोपरापर्यंत मोजायला सांगा. तो आकडा भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. सुताराला बोलवाल तेव्हा आधी तोच दाखवा.