रोबोची शस्त्रक्रिया आणि आपली पोटदुखी

“रोबो पोट कापतो म्हणे?” असे पाड्यावर मला विचारतात. रोबो आपणहून काहीच करत नाही. सर्जन कन्सोलवर बसतात, पडद्यावर पोटाचा आतला भाग मोठा करून पाहतात आणि यंत्राचे हात चालवतात. छेद लहान, त्यामुळे माणूस लवकर कामावर जातो. मजुरीवरच्या घराला हे मोठेच. पण खर्च झेपत नाही.

तरी निराश होऊ नका. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले, तेव्हा तेही नवलच होते. आज कोल्हापुरात ती शस्त्रक्रिया नेहमीची झाली आहे.

मात्र अपेंडिक्स फुटले, तर झालेला उशीर कोणतेही यंत्र भरून काढत नाही. पोटदुखी अंगावर काढू नका. रेशनकार्ड, आधार घेऊन या. महात्मा जोतिराव फुले योजनेचे कागद सोबत बसून भरू.