गोधडीच्या कोपऱ्यातलं नाव



विद्यार्थ्यांनो, तुमचे नाच अजून व्हायचे आहेत, त्यामुळे फार वेळ खाणार नाही. पुढच्या रांगेतले दोघं जरा वर या आणि ही गोधडी धरा. अशी, उंच.

खाली जुनं लुगडं. वर सगळं जुनेर : शर्टाची बाही, परकराचा काठ, गणवेशाची चड्डी. धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर येऊन थांबतो. आता इथे बघा, पांढरा दोरा मध्येच लाल झालाय. पांढरा संपला असणार. पण हा लाल दोरा नेमका निळ्या तुकड्यांवरूनच फिरलाय, पिवळ्यावर पुन्हा वेगळा. काटकसर तर आहेच. पण मी कापडाचंच काम करते, मला विचाराल तर रंगाची एवढी जाण कॉलेजात शिकवून येत नाही.

कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका अशीच गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांना चिंध्यांच्या घड्या घालून ‘फुला’ लावतात. थंडी काही त्या घड्यांनी जास्त अडत नाही, तरी त्यांच्याशिवाय कवंदी पुरी होत नाही.

आता अमेरिकेतली एक गोष्ट. हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जियातली बाई, 1837 साली गुलामगिरीत जन्मलेली. कापडाचे माणसं, प्राणी, चांदण्या असे आकार कापून तिने गोधडीवर बायबलमधल्या कथा टाचल्या. 1886 साली ती गोधडी कापसाच्या जत्रेत मांडली होती. जेनी स्मिथ नावाच्या कलाशिक्षिकेने ती विकत मागितली. हॅरिएट नाही म्हणाली. पुढे घरात पैशांची ओढाताण झाली आणि पाच डॉलरला ती द्यावी लागली. नंतरही ती आपली गोधडी बघायला त्या बाईंकडे जायची! आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आणि हॅरिएटचं म्हणणं आपल्याला कळतं, कारण त्या शिक्षिकेने तिला विचारून एकेका चौकोनाचा अर्थ लिहून ठेवला.

या गोधडीच्या बाबतीत हे कुणी केलं नाही. ही गोधडी मी जुन्या बाजारातून आणली. शिवणारीचं नाव विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मला याचा राग येतो.

म्हणून एक काम सांगते, मुलग्यांनाही. मे महिन्याच्या सुट्टीत घरातली सगळ्यात जुनी गोधडी काढा. कुणी शिवली, कुठला तुकडा कुणाच्या कपड्याचा, हे आजीला, आत्याला विचारा आणि वहीत लिहा. मग उरल्यासुरल्या दोऱ्याने कोपऱ्यात शिवणारीचं नाव आणि साल घाला. टाके वाकडे आले तरी चालतील. पुढच्या वर्षी याच सभागृहात त्या गोधड्यांचं प्रदर्शन भरवा. मुख्याध्यापकांनी होकार दिला, तर मांडायला मी स्वतः येईन.