दोन हजारांचं कर्ज आणि विमानाचं सुकाणू

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ताईंनी आज हे भलतंच काय काढलं! एरवी आपण शेळीपालन, मसाले, बँकेची कागदपत्रं यावर बोलतो. आज बोलायचं आहे कॉम्प्युटरवर विमान चालवण्याबद्दल, आणि त्यासाठी लागणारं सुकाणू, पेडल, खटके घरीच बनवण्याबद्दल. यात गटाच्या कर्जाचाही प्रश्न आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

बारामती-इंदापूरकडच्या गावांना छोट्या विमानांचा आवाज नवा नाही. बारामतीला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे शिकाऊ विमानं डोक्यावरून घिरट्या घालत असतात. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी ती विमानं बघतच मोठी झाली. आता ती अकरावी सायन्सला आहे. मामाने दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने ‘फ्लाइटगिअर’ हा प्रोग्राम घेतला. तो फुकट मिळतो. १९९७ पासून जगभरच्या हौशी लोकांनी मिळून तो वाढवला आहे. पडद्यावर धावपट्टी दिसते, घड्याळासारख्या तबकड्या दिसतात, आणि विमान उडतं.

अडचण होती कीबोर्डची. त्याचं बटण एक तर दाबलेलं असतं, नाही तर सुटलेलं असतं. विमानाला मात्र ‘किंचित’ लागतं. किंचित डावीकडे, किंचित वर. भाजीत मीठ घालताना चिमूट लागते, तसं. बाजारात तयार सुकाणू आणि पेडल मिळतात, पण चांगला जोड घ्यायचा तर वीस हजारांच्या पुढे जातो. पोरीने ठरवलं, आपणच बनवायचं. तिच्या आईने गटाकडे २,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं.

बैठकीत चांगलीच चर्चा झाली. एक मावशी म्हणाल्या, “बाई, खेळण्याला कसलं कर्ज? उद्या दुसरी मोबाईलला मागेल.” त्यांचं चुकीचं नव्हतं. पैसा सगळ्यांचा आहे, कुणी चहा सोडून साठवलेला आहे. मी मुलीला म्हटलं, पुढच्या बैठकीला तू ये आणि काय करणार ते दाखव.

ती आली ती पिशवीत एक जुना रेडिओ घेऊन. आवाज कमी-जास्त करायची गोल कळ तिने काढून दाखवली. तिला पोटेन्शिओमीटर म्हणतात. कळ फिरवली की वीज कमी-जास्त होते, म्हणून आवाज बदलतो. हीच कळ सुकाणूच्या दांड्याला जोडली, की दांडा किती फिरला ते विजेवरून कळतं. मध्ये आर्डुइनो जातीचा छोटा बोर्ड लागतो. तो त्या विजेचा ० ते १०२३ मधला आकडा करतो आणि कॉम्प्युटरला सांगतो. पण बोर्ड निवडून घ्यावा लागतो. ‘उनो’ बोर्डाला कॉम्प्युटर थेट जॉयस्टिक म्हणून ओळखत नाही, ‘लिओनार्डो’ किंवा ‘प्रो मायक्रो’ला ओळखतो. तिने हे पाठ करून सांगितलं नाही. मावशींच्या हातात कळ दिली आणि वहीवर आकडे कसे बदलतील ते काढून दाखवलं.

मग तिने एड लिंकची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा कारखाना होता. पेटीला जसा भाता असतो, तसे भाते त्या वाद्यांत असत. लिंकने तेच भाते एका लहानशा खोक्याखाली बसवले. आत बसून दांडा हलवला की खोकं विमानासारखं कलायचं. हे १९२९ सालचं. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीच्या बागांमध्ये विकलं गेलं. १९३४ मध्ये खराब हवेत टपाल नेताना अमेरिकेच्या सैन्याचे वैमानिक मेले, तेव्हा सैन्याने सहा खोकी विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात शिकले.

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “लिही ठराव. पण पावत्या आणायच्या.”

तिने पावत्या आणल्या. बोर्ड ६५०, चार कळा १६०, खटके आणि बटणं २४०, सोल्डरिंगचं सामान ३५०, पीव्हीसी पाईप १८०, स्क्रू आणि स्प्रिंग १२०. एकूण १,७००. उरलेले ३०० गटात परत जमा केले. बाकी सामान भंगारातलं.

आता बनवलं कसं, ते थोडक्यात. विमानाच्या सुकाणूला योक म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ बैलांच्या मानेवरचं जू! पाईपचा दांडा लाकडी खोक्यातून आरपार घातला. फिरवलं की विमान कलतं, ओढलं की नाक वर, ढकललं की खाली. सोडल्यावर दांडा मध्यावर यायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या. पायाची पेडल म्हणजे मधोमध खिळलेली आडवी फळी. डावा पाय पुढे गेला की उजवा मागे येतो, तराजूसारखं.

पहिल्याच दिवशी पडद्यावरचं विमान ताप आल्यासारखं थरथरायला लागलं. कारण आकडा एका जागी थांबत नव्हता, ५१०, ५१४, ५११ असा नाचायचा. मग तिने दहा-दहा आकड्यांची सरासरी घ्यायला बोर्डाला शिकवलं. शिवाय कळ पाऊण फेऱ्याहून जास्त फिरते आणि सुकाणू अर्धाच फेरा. म्हणून डावं टोक, उजवं टोक आणि मध्य कुठे, हे कॉम्प्युटरला सांगावं लागलं. आपण वजनकाटा आधी शून्यावर आणतो ना, तसंच.

मला सगळ्यात आवडले ते दोन खटके. चाकं आत-बाहेर घेण्याच्या खटक्याला तिने खेळण्यातल्या गाडीचं चाक लावलंय, आणि पंखामागची फ्लॅप नावाची पट्टी हलवण्याच्या खटक्याला लाकडाची पाचर. ही सजावट नाही. महायुद्धात बी-१७ विमानांत हे दोन खटके शेजारी आणि सारखेच होते. दमलेले वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे, आणि विमान पोटावर बसायचं. आल्फॉन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने एकाला रबरी चाक आणि दुसऱ्याला पाचर लावून हातालाच फरक कळेल असं केलं. आजही विमानांत चाकांचा दांडा चाकाच्या आकाराचा असतो. लाईट गेल्यावर आपण हळदीचा आणि तिखटाचा डबा हातानेच ओळखतो. त्यात मोठं शास्त्र आहे, मैत्रिणींनो.

आता खरं तेही सांगते. घरच्या या खेळाचे तास लायसन्ससाठी धरत नाहीत. व्यावसायिक वैमानिक व्हायला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. आपल्या देशात वैमानिकांमध्ये साधारण १५ टक्के बायका आहेत. जगाच्या मानाने हे प्रमाण खूप चांगलं आहे, पण फी तेवढीच राहते. तिच्या वडिलांनी मला विचारलं, “ताई, पोरीला आभाळ दाखवून पुढं काय?” मी त्यांना विमान देऊ शकत नाही. पण पोरीच्या हातात सोल्डरिंग आलं, आकडे वाचणं आलं, बिघाड शोधणं आलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा विमानदुरुस्तीचा अभ्यासक्रम, दोन्हीची माहिती ती स्वतः गोळा करते आहे. निर्णय बारावीनंतर.

कुणाच्या घरी असं काही सुरू झालं तर दोन गोष्टी बघा. काम कॉम्प्युटरच्या यूएसबीच्या पाच व्होल्टवरच चालतं, भिंतीतल्या विजेला हात लावू देऊ नका. आणि सोल्डरिंग खिडकी उघडी ठेवून, लहान मुलं लांब असताना करायचं.

गटांना माझी एक विनंती आहे. मुलगी सामान मागेल तेव्हा ‘हा खेळ आहे’ म्हणून अर्ज बाजूला ठेवू नका. तिला बैठकीला बोलवा, दाखव म्हणा, हिशेब मागा. आमच्या त्या ताईंचे दहापैकी सात हप्ते वेळेवर आलेत, आठवा येत्या ५ तारखेला आहे. मावशींनी तर सुकाणू हातात धरून बघितलं. विमान शेतात उतरलं, पण म्हणाल्या, परत एकदा चालू कर.