बायलाकुप्पे : मदत आणि हक्क



म्हैसूर जिल्ह्यातील बायलाकुप्पे येथे १९६०-६१ मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. सुमारे तीन हजार एकर जंगलजमीन दिली ती तत्कालीन म्हैसूर राज्याने; ती लागवडीखाली आणली निर्वासितांच्याच श्रमाने. परदेशी संस्थांनी साहाय्य केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे दिल्लीतील कार्यालय १९६९ मध्ये उघडले आणि १९७५ मध्ये बंद झाले. पुन्हा सुरू व्हायला १९८१ उजाडले. मदत अशी येते आणि जाते. जमीनही भाडेपट्ट्याचीच, मालकीची नव्हे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही. स्वतंत्र कायदाही केलेला नाही. निर्वासितांना कुणाच्या दयेवर जगावे लागू नये, यासाठी तो कायदा हवा. ही मागणी कामगार-शेतकऱ्यांच्या प्रत्येक सभेतून झाली पाहिजे.